९६ मेंढ्यांचा नंदादीप

राजराज चोळ मोठा की त्याच्या मंदिराला रोज तूप घालणारा धनगर, हा माझा आणि आत्याचा जुना वाद. माझं आयुष्य पाटबंधाऱ्यांच्या कामात गेलं. आत्याने कॉलेजात प्राचीन भारत शिकवला आणि दक्षिणेतले शिलालेख ती अजूनही भिंग घेऊन वाचते. 'पोन्नियिन सेल्वन' चित्रपटाचे दोन्ही भाग आम्ही एकत्र पाहिले, मग तंजावरला जाऊन आलो, आणि वादाला चांगलीच धार चढली. तो इथे उतरवून काढतोय, कारण मराठीत चोळांबद्दल बोलणारे बहुधा भारावून तरी बोलतात, नाहीतर पाठ्यपुस्तकातल्या दोन ओळींवर भागवतात. इतक्या मोठ्या घराण्याच्या वाट्याला एवढंच येऊ नये.

मी: मला आधी त्या विमानाबद्दल बोलू दे. गाभाऱ्यावरचं ते शिखर दोनशे फुटांच्या घरात आहे, तेरा मजल्यांचं. तंजावरच्या आसपास ग्रॅनाइट नाही. सगळी कावेरीच्या गाळाची भातशेती. म्हणजे दगड लांबून आणला, चुन्याविना एकावर एक रचला, आणि सहा-सात वर्षांत काम उरकलं. राजराजाच्या कारकिर्दीचं पंचविसावं वर्ष, २७५ वा दिवस. त्या दिवशी त्याने सोन्याचा पत्रा चढवलेला तांब्याचा कळस शिखरासाठी दिला. इ. स. १०१० ची गोष्ट आहे ही. आज आमच्या खात्याला एखादा कालवा ठरल्या दिवशी पुरा करून दाखवायला सांग.

आत्या: आणि त्याची सावली जमिनीवर पडत नाही, असंही सांगशील.

मी: नाही सांगणार. भर दुपारी त्याच सावलीत आपण उभे होतो. वरचा दगड ऐंशी टनांचा आणि अखंड आहे, हीसुद्धा ऐकीव कथा. तो अनेक दगड जोडून केलेला आहे. असल्या कथांचा मला राग येतो, कारण खरं कसब त्यांच्याखाली झाकलं जातं. खाली गाभाऱ्याभोवती दोन जाड भिंती आणि त्यांच्यामध्ये प्रदक्षिणेचा बोळ आहे. वर गेल्यावर त्या दोन भिंती एक होतात आणि दगडाचा प्रत्येक थर आतल्या बाजूला थोडा थोडा पुढे सरकत जातो. आत सगळी पोकळी आहे. एवढं वजन हजार वर्षं उभं आहे. यात चमत्कार काही नाही, भार कुठून कुठे उतरतो ते नेमकं ओळखलेलं आहे.

आत्या: कोणी ओळखलं?

मी: राजराजाच्या माणसांनी.

आत्या: माणसांना नावं असतात. कुंजरमल्लन राजराज पेरुंतच्चन. मुख्य स्थपती. त्याचं नाव त्याच मंदिरात कोरलेलं आहे. तू मान वर करून थर मोजत होतास तेव्हा मी जोत्यावरच्या ओळी वाचत होते. माझ्या मते चोळांचा खरा ठेवा तिथे आहे. राजराजाने हुकूम दिला की आपण जे दिलं, थोरल्या बहिणीने जे दिलं, राण्यांनी आणि इतरांनी जे जे दिलं, ते सगळं दगडावर कोरून घ्या. थोरली बहीण म्हणजे कुंदवै. राण्यांच्या आधी बहिणीचा उल्लेख. आणि मग सुरू होतात हिशेब. किती कळंजू सोनं, कुठल्या गावाहून किती भात, कुठल्या मूर्तीच्या गळ्यात किती मोती.

मी: तेच तर म्हणतोय मी. एवढी बारीक नोंद ठेवणारं राज्य!

आत्या: थांब, दिव्यांचं ऐक. देवापुढे एक नंदादीप अखंड तेवत ठेवायचा तर रोज एक उळक्कू तूप लागतं. त्याचा दर ठरलेला होता. ९६ मेंढ्या, किंवा ४८ गाई, किंवा १६ म्हशी. दान करणारा जनावरं द्यायचा आणि ती अमुक धनगराकडे सोपवली जायची. धनगराने रोज माप भरून तूप आणायचं. लेखात लिहितात की या मेंढ्या मरत नाहीत आणि म्हाताऱ्याही होत नाहीत. म्हणजे कळपात रोग येवो की दुष्काळ पडो, कागदावर मेंढ्या ९६ च. तूट धनगराने भरायची, त्याच्या मागून त्याच्या मुलाने. दानाचं पुण्य ज्याने मेंढ्या दिल्या त्याचं. दिवा मात्र पिढ्यान्‌पिढ्या त्या धनगराच्या अंगावर.

मी: पण त्याला ९६ जनावरांचा कळप मिळाला ना? लोकर त्याची, खत त्याचं, वरची पिल्लं त्याची. भांडवल मिळालं असंच म्हण. मंदिराचे पैसेही गावांच्या सभांना व्याजाने दिलेले दिसतात, दर काशू नाण्यामागे वर्षाला अष्टमांश काशू. साडेबारा टक्के. म्हणजे राजाने जिंकून आणलेलं सोनं तळघरात पडून राहिलं नाही, शेतीत फिरलं.

आत्या: हे तुझं बरोबर आहे. मंदिर म्हणजे पेढी होती, कोठार होतं आणि कामाचं ठिकाणही होतं. पण कामावर माणसं कशी आणली तेही बघ. चारशे नर्तकी. ठिकठिकाणच्या मंदिरांतून तंजावरला हलवलेल्या. तिरुवारूरची, तिरुवैयारूची, अशा मुली. प्रत्येकीचं नाव, मूळ मंदिर आणि तंजावरातलं घर कोरलेलं आहे. अमक्या रस्त्याची दक्षिणेकडची रांग, अमकं घर. प्रत्येकीला वर्षाला शंभर कलम भात. एखादी वारली किंवा परगावी गेली तर तिच्या नात्यातल्या लायक बाईने तो वाटा घ्यायचा आणि काम करायचं.

मी: हजार वर्षांपूर्वीच्या एका राज्यात चारशे बायकांना घर आणि पगार, तोही नावानिशी! जगात दुसरीकडे कुठे सापडेल सांग.

आत्या: सापडणं कठीण आहे, मान्य. म्हणून तर तो लेख मला इतका प्रिय आहे. पण त्यांना विचारलं होतं का, हे त्या लेखात नाही. पुढे १२०१ मध्ये दुष्काळ पडला तेव्हा तिरुप्पांबुरमला एका वेळ्ळाळ शेतकऱ्याने स्वतःला आणि आपल्या दोन मुलींना ११० काशूंना मंदिराला विकलं. तेही दगडावर आहे. पोट भरायला देवाच्या दारी गेलेला शेतकरी तिथे गुलाम होऊन राहिला. या दोन नोंदी मी शेजारी शेजारी ठेवून वाचते.

(इथे माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी सोन्याकडे वळलो, आणि तिथे अधिकच अडकलो.)

आत्या: सोनं कुठून आलं तेही राजराज लपवत नाही. चेर आणि पांड्यांना हरवून मिळवलेल्या संपत्तीतून अमुक भांडी, चालुक्य राजा सत्याश्रय याला जिंकून परत आल्यावर वाहिलेली सोन्याची फुलं, असं स्वच्छ लिहिलेलं आहे. लंकेतली गावंसुद्धा या मंदिराच्या नावे लावली होती, तिथून भात, पैसा आणि मोहाचं तेल यायचं. समुद्रापलीकडच्या शेतकऱ्याने तंजावरच्या दिव्यासाठी सारा भरायचा. अनुराधपूर लुटलं गेलं. १०१७ मध्ये राजराजाच्या मुलाने, पहिल्या राजेंद्राने, लंकेच्या पाचव्या महिंदाला पकडून आणलं, आणि १०२९ मध्ये तो राजा चोळांच्या कैदेतच मेला. स्तूपांच्या पोटातले धातुकरंड फोडून नेल्याचं सिंहली इतिवृत्तात आहे. १०७० मध्ये विजयबाहूने चोळांना हाकललं, ते श्रीलंकेतली मुलं आजही शिकतात.

मी: आत्या, त्या काळात कोण लुटत नव्हतं? राष्ट्रकूटांच्या तिसऱ्या कृष्णाने चोळांचं काय केलं होतं? ९४९ मध्ये तक्कोलमच्या लढाईत चोळांचा युवराज राजादित्य हत्तीवरच मारला गेला. पहिल्या परांतकाने चाळीस वर्षं जमवलेलं राज्य त्याच्या डोळ्यांदेखत फुटलं, कांचीचा सगळा मुलूख गेला. त्या राखेतून चाळीसेक वर्षांत राजराज उभा राहिला. त्याने सैन्य बाळगलं नसतं तर हे मंदिरही नसतं आणि तुझे शिलालेखही.

आत्या: मग धारवाड भागातला होट्टूरचा लेख वाच. १००७ चा, कन्नड. सत्याश्रयाच्या बाजूचा. चोळ राजा नऊ लाखांचं सैन्य घेऊन आला, मुलूख जाळला, बायका-मुलं आणि ब्राह्मण मारले, अशी तक्रार आहे.

मी: नऊ लाख! शत्रूने केलेली बेरीज आहे ती.

आत्या: आकडा फुगवलेला असेल. जळलेली गावं फुगवलेली नसतात. नंतरचं तर चोळ स्वतःच सांगतात. राजेंद्राचा मुलगा राजाधिराज याने चालुक्यांचं कल्याण जाळलं, म्हणजे आजचं बसवकल्याण, आणि तिथून एक द्वारपाल उचलून नेला. त्या मूर्तीच्या पायाशी तमिळमध्ये लिहिलंय की कल्याणपूर जाळून विजयराजेंद्राने, म्हणजे राजाधिराजानेच, हा आणला. तंजावरच्या संग्रहालयात तू त्याच्यासमोर उभा होतास.

मी: हो. घडण लगेच वेगळी दिसते. शेजारच्या चोळ द्वारपालांत तो परका वाटतो.

आत्या: आणि १०५४ मध्ये कोप्पमच्या लढाईत तो राजाधिराज स्वतः हत्तीवर मारला गेला. त्याच्या भावाने, दुसऱ्या राजेंद्राने, रणांगणावरच मुकुट घातला आणि पुढे कोल्हापूरला जाऊन जयस्तंभ उभारला, असं त्याच्या प्रशस्तीत आहे. महालक्ष्मीच्या कोल्हापुरात! मुद्दाम सांगते, कारण पहिल्या राजेंद्राच्या गंगैकोंडचोळपुरमचं नाव काढलं की तुझी छाती फुगते. सैन्य गंगेपर्यंत गेलं, केडाहपर्यंत आरमार गेलं. तेच सैन्य पंचगंगेवर आलं तेव्हा इथल्या माणसाने काय म्हटलं असेल, एवढाच विचार कर.

मी: करतो. पण आरमाराची गोष्ट मी तुला इतक्या सहज सोडू देणार नाही. १०२५. बंगालचा उपसागर ओलांडून सुमात्रा आणि मलायाच्या किनाऱ्यावरची बंदरं घेणं, श्रीविजयाच्या राजाला पकडणं. तंजावरच्या लेखात एकेका बंदराचं नाव आहे, वाटेतल्या निकोबारचंही. भारतातल्या कुठल्या राजाने त्याआधी किंवा त्यानंतर असं काही केलं?

आत्या: नाही केलं. पण त्याच्या एकोणीस वर्षं आधी काय झालं होतं? १००६. श्रीविजयाच्या राजाने नागपट्टिणमला बौद्ध विहार बांधला, चूडामणिविहार, आणि शैव राजराजाने त्याला आनैमंगलम गावाचं उत्पन्न लावून दिलं. एकवीस ताम्रपट आहेत त्या दानाचे. शतकाहून जास्त काळ ते हॉलंडमध्ये लायडनला होते. बापाच्या वेळी मैत्री, मुलाच्या वेळी स्वारी. मधल्या काळात चीनच्या व्यापाराची वाट कोणाच्या हातात राहावी हा प्रश्न पेटला होता. चोळांचे दूत चीनच्या दरबारात जात होते. १०७७ च्या वेळी तर बहात्तर माणसं गेली. राजेंद्राने मलायात राज्य थाटलं नाही, तडाखा दिला आणि परतला. तिथे टिकून राहिले ते व्यापारी. सुमात्राच्या बारूसला १०८८ चा तमिळ लेख आहे, पाचशे स्वामींच्या व्यापारी संघाचा. कापूर, मिरी, कापड. आरमार जाऊन परतलं, हे लोक जात-येतच राहिले. तसबीर मात्र राजेंद्राची लागते.

आत्याच्या या शेवटच्या वाक्यात थोडी कटुता होती, आणि ती मला पटत नाही. व्यापाऱ्यांना वाट मोकळी मिळाली ती कोणाच्या तरी जहाजांमुळेच. मी तसं म्हणालो. तिने मान हलवली नाही.

मग मी उत्तिरमेरूरच्या ग्रामसभेचा विषय काढला. तो माझा हुकमाचा पत्ता होता.

मी: पहिल्या परांतकाच्या काळातले दोन लेख, ९१९ आणि ९२१ चे. गावाचे तीस वॉर्ड. ताडपत्राच्या तुकड्यांवर नावं लिहून मडक्यात टाकायची आणि न कळत्या पोराच्या हातून चिठ्ठी काढायची. वार्षिक समिती, बागांची समिती, तळ्यांची समिती. मी जन्मभर पाणीवाटप संस्थांच्या बैठका घेतल्या. तळ्याची स्वतंत्र समिती, एक वर्षाची मुदत, आणि गेल्या तीन वर्षांत काम केलेल्याला पुन्हा संधी नाही! आणि ज्याने मागचा हिशेब दिला नाही तो बाद, त्याचे नातेवाईकही बाद. हा एक नियम आज लावला तर आमच्याकडच्या अर्ध्या संस्था सुधारतील.

आत्या: तो नियम सोन्यासारखाच आहे. पण चिठ्ठी कोणाच्या नावाची? वय पस्तीस ते सत्तर. सारा भरणारी किमान पाव वेळी (तिथलं जमिनीचं माप) जमीन. स्वतःच्या जागेवर घर. मंत्र आणि ब्राह्मणग्रंथ शिकलेला. जमीन त्याच्या निम्मी असेल तर एक वेद आणि एक भाष्य यायला हवं. ती ब्राह्मणांची वसाहत होती, त्यांची सभा होती. बाई नाही, कूळ नाही, तळ्याचा गाळ उपसणारा तर नाहीच नाही. तंजावरच्या त्याच जोत्यावर गावांची यादी आहे, कुठल्या जमिनीवर सारा नाही ती. गावठाण, देवळं, तळी, पाट. आणि परैच्चेरी, म्हणजे परैयारांची वस्ती, वेगळी. त्यांचं मसणही वेगळं. मोजणीदार दोरी घेऊन गेले आणि अस्पृश्यतेचीही मोजणी करून आले. दहाव्या-अकराव्या शतकात ती इतकी पक्की झाली होती याचा याहून ठोस पुरावा कुठला?

मी: लोकशाही म्हणू नये, हे मानलं. पण स्वतःच्याच वर्गातल्या माणसाला हिशेबाला बांधणं सोपं नसतं. अधिकार आपसांत वाटून घेणारे लोक बहुतेक वेळा हिशेब हीच पहिली गोष्ट बुडवतात.

आत्या: ते मी वर्गात नेहमी सांगायचे.

पाण्याबद्दल आमचं फारसं भांडण झालं नाही. कावेरीवरचा कल्लणैचा बांध प्राचीन चोळ राजा करिकालाच्या नावावर सांगतात. आज दिसतो त्यात एकोणिसाव्या शतकातल्या कंपनी सरकारच्या अभियंत्यांची बरीच भर आहे. पण नदीच्या वाळूत दगड टाकून प्रवाह वळवायची मूळ युक्ती त्या अभियंत्यांनी तिथूनच उचलली. राजेंद्राने गंगेचं पाणी आणवून गंगैकोंडचोळपुरमला तळं बांधलं आणि त्याला पाण्याचा जयस्तंभ म्हटलं. कोल्हापूरच्या स्तंभापेक्षा हा स्तंभ मला कितीतरी जास्त आवडतो.

कांस्यमूर्तींवर मात्र आत्या फुलली. स्वामिमलैच्या स्थपतींकडे आम्ही अर्धा दिवस बसलो होतो. मेणाची मूर्ती करायची, तीवर कावेरीच्या गाळाची मऊ माती लेपायची, वरून जाड मातीचे थर, तारा बांधायच्या, मग भाजून मेण वाहू द्यायचं आणि त्या पोकळीत पंचधातूचा रस ओतायचा. साचा फोडावाच लागतो, म्हणून एका साच्यातून एकच नटराज. आत्याला त्या मातीचंच अप्रूप. बोटाच्या चिमटीत घेऊन ती म्हणाली, "नखाएवढी घडीसुद्धा उमटते ती या मातीमुळे." श्रीपुरंतानच्या देवळातून चोरलेला असाच एक नटराज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने २००८ मध्ये पन्नास लाख डॉलरना घेतला होता, २०१४ मध्ये तो परत आला.

आत्या: तुला एका चोळ माणसापुढे मान झुकवायची असेल तर शेंबियन महादेवीपुढे झुकव. गंडरादित्याची विधवा, उत्तम चोळाची आई. विटांची जुनी देवळं एकेक करून तिने दगडात बांधली. तिरुक्कोडिकावलला काम काढलं तेव्हा जुन्या भिंतींवर आधीच्या राजांचे, परक्या घराण्यांचेही लेख होते. भिंत पाडायची म्हणजे लेख गेले. तिने ते नव्या दगडांवर पुन्हा कोरून घेतले. ज्या पल्लवांचं राज्य तिच्या सासरच्यांनी बुडवलं, त्यांच्या काळच्या दानांच्या नोंदीसुद्धा.

मी: म्हणजे शेवटी राजघराण्याचंच मोठेपण. तूच सांगतेयस.

आत्या: हो, सांगतेय. दुसऱ्याचा हिशेब जपणारी राणी मला राजेंद्राच्या सगळ्या जहाजांहून मोठी वाटते. आणि हेही बघ, दोनशे फुटांचं विमान असून बांधणाऱ्याचं नाव लोक विसरले होते. एकोणिसाव्या शतकात तंजावरात विचारलंस तर भलत्याच कुठल्या तरी चोळाचं नाव सांगायचे. हुल्ट्झ या जर्मन पंडिताने जोत्यावरचे लेख वाचून छापले तेव्हा राजराज परत सापडला. त्याला वाचवलं त्या धनगरांच्या, नर्तकींच्या, शिंप्या-परटांच्या नोंदींनी. त्या कोरल्या नसत्या तर त्याचं नाव राहिलं नसतं.

मी: आणि त्याने हुकूम दिला नसता तर त्या नोंदी राहिल्या नसत्या. धनगराचं नाव हजार वर्षं टिकावं असं त्याच्या आधी किती राजांना वाटलं?

आत्या: त्याला धनगराचं नाव टिकायला नको होतं, तूप टिकायला हवं होतं.

मी: हेतू काही का असेना. त्याच आवारात आपला मराठी लेख आहे, दुसऱ्या सरफोजींनी १८०३ मध्ये कोरवलेला भोसल्यांच्या घराण्याचा इतिहास. तमिळ देशात, चोळांच्या भिंतीवर मोठी मराठी अक्षरं बघून मला भरून आलं होतं. पण त्यात काय आहे? वंशावळ, लढाया, राजे. दिव्याला तूप कोण घालत होतं, ते नाही. आठशे वर्षांनंतरच्या आपल्या राजाने जे कोरलं नाही ते राजराजाने कोरलं. एवढं श्रेय तरी त्याला दे.

आत्या: देते. पण सरफोजींवर अन्याय करू नकोस. त्यांच्या वेळेपर्यंत हिशेब कागदावर गेला होता. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडीची दप्तरं आहेत, स्वयंपाकघरापासून हत्तीखान्यापर्यंतचा खर्च त्यांत आहे. दगड राजांना राहिला, माणसं रुमालात बांधली गेली.

मी: मोडी तुला येते. जाऊ या परत.

आत्या: मोडी मी वाचेन. तोवर तू तमिळ लिपी शीक. हुल्ट्झचा दुसरा खंड माझ्याकडे आहे, नर्तकींची यादी त्यातच आहे. चारशे नावं मोठ्याने वाचायची, मग आपण पुढचं भांडू.